आगाऊ सूचना

मराठीत ‘आगाऊ’ हा शब्द दोघांना लागतो: कार्ट्याला आणि नोटिशीला. कार्टं आगाऊ असलं की घरात ताप, आणि नोटीस आगाऊ नसली की कोर्टात!

1984 सालची गोष्ट. बारामतीत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. हाताखाली एक गृहस्थ होते. रोज एस.टी.नं इंदापूरहून यायचे, म्हणून सारी पेठ त्यांना इंदापूरकर म्हणे. हंगामात भवानीनगरला गाडी उसाच्या बैलगाड्यांमागे अडकायची, तेवढा उशीर सोडला तर माणूस घड्याळासारखा. पण धंदा बसला आणि एक माणूस कमी करायचं ठरलं.

वकील मित्राकडे गेलो. तो म्हणाला, “औद्योगिक विवाद कायदा, 1947. वर्षभर सलग काम केलेल्याला कमी करायचं तर महिन्याची लेखी नोटीस, नाहीतर तिच्याऐवजी महिन्याचा पगार. शिवाय दर पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई. आणि हो, पाकीट निरोपाबरोबरच! जे. जे. रुग्णालयातल्या दोन सेविकांना भरपाई न देता काढलं, ते 1960 साली सुप्रीम कोर्टात आपल्या गजेंद्रगडकरांनी बेकायदा ठरवलंय.”

“म्हणजे नोटीस काय नि पैसे काय, सारखंच?”

“कायद्याला सारखंच.”

मी पैसे निवडले. पडलेला चेहरा महिनाभर समोर कोण बघणार? इंदापूरकरांची तीन वर्षं भरली होती. नोटिशीचा एक आणि भरपाईचा दीड, असे अडीच पगार पाकिटात घालून म्हटलं, “उद्यापासून येऊ नका.” ते न मोजता गेले. मला उगाच पुण्य केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर दुकानाच्या पायरीवर इंदापूरकर! हातात डबा.

“अहो, हिशेब झाला ना आपला?”

“झाला की मालक. पण घरी सांगायचं राहिलं. मंडळींनी डबा भरून दिला, मग आलो. संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसू का इथं?”

हिशेब चोख होता. फक्त तो डबा कुठल्या खात्यावर मांडायचा, ते कळेना.

तेव्हा उमगलं की नोटिशीचा महिना पगारासाठी नसतोच. त्या महिन्यात माणूस चार ठिकाणी विचारतो आणि घरी सांगायचा धीर गोळा करतो. पाकिटानं किराणा येतो, धीर येत नाही. बरं, काढलेल्या माणसानं महिनाभर चारचौघांच्या नजरा झेलत राबायचं, हीही शिक्षाच. कुणाला पैसे बरे, कुणाला महिना. माझी चूक पैसे देण्यात नव्हती. त्यांना न विचारता ठरवण्यात होती.

21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. महिन्याची नोटीस, पंधरा दिवसांची भरपाई आणि मधला तो ‘किंवा’ तिथंही आहेच. तो ‘किंवा’ मालकाच्या हातात असतो. पण वापरण्याआधी समोरच्याला विचारू नये, असं कुठल्याच कलमात नाही.

इंदापूरकर पुढं आठ दिवस डबा घेऊन येत राहिले. घरी कधी सांगणार, असं मी विचारलं नाही. ती आठ दिवसांची नोटीस बहुधा मलाच होती.