एका आयुष्यात मावणारं झाड

निवांत बसा. हातातलं काम बाजूला ठेवा. आज आपण एकाच झाडाकडे पाहणार आहोत, आणि घाई न करता पाहणार आहोत.

झाड पीचचं आहे. न्यू जर्सीतल्या एखाद्या घरामागच्या अंगणात, कुंपणापासून थोडं आत, दिवसभर ऊन मिळेल अशा जागी ते उभं आहे. इथल्या मराठी घरांच्या मागेही ते लावलेलं दिसतं. ज्यांच्या दारात पीच नाही, त्यांनी ते मनात उभं करावं. मननाला तेवढं पुरतं. झाड फार उंच नको. शिडीशिवाय हात पोचेल एवढंच. खोड गुडघ्याएवढं वर येऊन तीन-चार जाड फांद्यांत फुटलेलं, आणि मधली जागा मोकळी, म्हणजे आभाळ थेट बुंध्यापर्यंत उतरेल.

झाड लावायचं म्हटलं की आपल्या मनात पिढ्या येतात. आंबा आजोबांनी लावायचा, नातवंडांनी खायचा. चिंचेखाली तर पणजोबांच्या काळातल्या गोष्टी सांगायच्या. पीचचं तसं नाही. कलम लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरतं, आणि बारा-पंधरा वर्षांत झाड थकतं. पस्तिशीत लावलेलं झाड पन्नाशीत आपणच काढतो. त्याचं कोवळेपण, त्याचा भर आणि त्याचं म्हातारपण, तिन्ही एकाच माणसाच्या हाताखालून जातात. या गोष्टीपाशी थोडं थांबा. तिला लगेच दुःखाचं नाव देऊ नका. एखाद्या जिवाला आरंभापासून अखेरपर्यंत सांभाळण्याची संधी माणसाला फार क्वचित मिळते, आणि हे झाड ती देतं. मला या झाडाचं सगळ्यात मोठं देणं तेच वाटतं. फळ त्यानंतर.

आता जानेवारी आणा. अंगणात बर्फ आहे, झाडावर एकही पान नाही. जवळ जा आणि एक काडी बोटांत धरा. गेल्या उन्हाळ्यात वाढलेली काडी तांबूस, गुळगुळीत असते. त्याहून जुनं लाकूड राखाडी आणि खरबरीत. तांबूस काडीवर डोळे दिसतील. पुष्कळ ठिकाणी तीन-तीन एकत्र: मधला निमुळता डोळा पानाचा, दोन्ही बाजूंचे गोलसर, लवदार डोळे फुलांचे. येत्या उन्हाळ्याचं सगळं पीक आत्ताच, या बर्फात, या काडीवर बसलेलं आहे. ते गेल्या उन्हाळ्यातच ठरलं होतं.

हे डोळे झोपलेले दिसतात, पण ते थंडी मोजत आहेत. गोठणबिंदूच्या वरचा आणि सुमारे सात अंश सेल्सिअसच्या खालचा तास त्यांच्या हिशोबात जमा होतो. जातीनुसार असे कित्येक शे तास भरावे लागतात. थंड मुलखातल्या पुष्कळ जातींना आठशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त. हिशोब भरल्याशिवाय ऊन आलं तरी डोळे धड फुटत नाहीत. म्हणून देशावरच्या परसात हे झाड सहसा दिसत नाही. पंजाबच्या मैदानात होतं ते कमी थंडीवर भागणाऱ्या शान-ए-पंजाबसारख्या जातींमुळे. ज्या दिवसांना आपण वाया गेलेले, नुसते काढायचे दिवस म्हणतो, त्या दिवसांची या झाडाला गरज आहे. काडी तशीच बोटांत असू द्या. तुमच्या आयुष्यातला असा एखादा गारठलेला काळ आठवला तर आठवू द्या. त्याचा अर्थ आज लागायला हवाच असं नाही.

आता एप्रिल. पानं यायच्या आधी फुलं येतात, आणि काही दिवस झाड नुसतं गुलाबी असतं. मधमाश्या येतात, पण बहुतेक जातींना दुसऱ्या झाडाच्या परागांची गरज नसते, एकटं झाडही फळतं. पाहायला सोपा, सुखाचा असा हा काळ आहे, आणि याच काळात झाड सगळ्यात नाजूक असतं. जानेवारीत घट्ट मिटलेली कळी शून्याखाली वीस अंशांपर्यंतची थंडी सोसते. तीच कळी पूर्ण उमलल्यावर शून्याखाली तीन अंशांना इजा होऊ लागते, आणि साडेचार अंशांच्या आसपास बहुतेक फुलं मरतात. कळीतली ताकद कोणी हिरावून घेतलेली नसते. उमलायचं म्हणून तिनेच ती हळूहळू सोडलेली असते.

एखाद्या एप्रिलमध्ये आभाळ निरभ्र असतं, वारा पडतो आणि पहाटे कडक गारठा उतरतो. सकाळी झाड बाहेरून तसंच गुलाबी दिसतं. एक फूल तोडून नखाने उभं चिरून बघा. मधला स्त्रीकेसर हिरवट असेल तर ते वाचलं. काळा पडला असेल तर त्या फुलाचं फळ होणार नाही. दहा फुलं बघितली की अंदाज येतो.

समजा, बहुतेक काळी निघाली. इथे श्वास सावकाश घ्या, कारण हे वर्ष प्रत्येक पीचवाल्याच्या वाट्याला कधी ना कधी येतं. झाड मेलेलं नाही. पंधरा दिवसांत पानं येतील, नव्या काड्या वाढतील, आणि पुढच्या वर्षीचे डोळे याच काड्यांवर बसतील. म्हणजे या वर्षीही पाणी द्यायचं, तण काढायचं, बुंध्याशी वाकून बघायचं. फळ नसलेल्या वर्षी झाडाकडे कोण किती जातं, त्यावरून मी माळी ओळखतो. त्या वर्षी केलेलं सगळं झाडासाठीच असतं, आणि ते करताना मन वेगळं असतं.

छाटणीकडे येऊ. ती फुलण्याच्या थोडं आधी, थंडीचा जोर ओसरल्यावर करावी. ऐन हिवाळ्यात केलेले काप झाडाला गारठ्याला आणि रोगाला उघडं पाडतात. पीचवर फळ फक्त गेल्या वर्षीच्या काडीवर येतं. नाशिकच्या द्राक्षवाल्याला हे वेगळं सांगायला नको. काडीची किंमत तो जाणतो. ज्या भागावर एकदा फळ आलं, त्यावर पुन्हा येत नाही. कापलं नाही तर झाड दर वर्षी टोकाकडे सरकत जातं, फळ हाताबाहेर जातं आणि मधलं लाकूड उघडं पडतं. म्हणून नव्या काड्यांपैकी निम्म्याच्या आसपास काढाव्या लागतात. आधी मेलेलं, मग आत वळलेलं, मग एकमेकांवर घासणारं, आणि मग निव्वळ जास्तीचं. शेवटचंच अवघड. ती काडी निरोगी असते, डोळ्यांनी भरलेली असते, तिचा दोष एवढाच की शेजारी तिच्यासारखीच दुसरी आहे.

कात्री हातात घेतली आहे असं समजा, आणि त्या दोन सारख्या काड्यांकडे बघा. घाई नाही. ऊन कुठून येतं ते पाहा. कोणती काडी ठेवली तर दुसऱ्या फांदीवर सावली पडणार नाही ते पाहा. मग कापा, काप स्वच्छ येऊ द्या, आणि पुढे जा. कापलेल्या काडीकडे वळून बघत उभं राहण्यात झाडाचं भलं नाही.

मे महिना उजाडतो आणि हाच प्रश्न पुन्हा येतो, जास्त जवळून. गारठा टळलेल्या वर्षी झाडावर इतकी फळं धरतात की फांदी दिसेनाशी होते. शंभरातल्या दहा फुलांचं फळ टिकलं तरी झाडाला पुरे असतं. फळ मोठ्या गोटीएवढं झालं, आतली कोय अजून कडक झालेली नाही, तेव्हा विरळणी करायची: दोन फळांत वीतभर अंतर ठेवायचं आणि मधली सगळी काढायची. हातात हिरवी, लवदार फळं जमत जातात. पायाखाली त्यांचा खच पडतो. पहिल्यांदा करणाऱ्याचा हात थांबतोच, आणि तो थांबावा. सगळी ठेवली तर सगळी लहान राहतील, फांद्या मोडतील, आणि पुढच्या वर्षीचे डोळे धरायला झाडाकडे बळ उरणार नाही. प्रत्येक फळाला पोसायला तीसएक पानं लागतात. पानं मोजकी आहेत. हे मान्य केलं की हात पुन्हा चालू लागतो. या फळांमध्ये स्वतःचे संकल्प, कामं, हौशी दिसल्या तर त्यांच्याकडेही तेवढ्याच मायेने पाहा. सगळ्याच निरोगी आहेत. पानं मात्र मोजकीच.

त्यानंतर काही आठवडे फळ वाढताना दिसत नाही. आत कोय दगडासारखी होत असते. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत ते झपाट्याने फुगतं. लाली पाहून तोडू नका, लाली उन्हाची असते. लालीखालचा हिरवा रंग पिवळसर झाला का ते बघा. तळव्यात धरून अलगद उचला. तयार फळ सोडून येतं. बोटांनी दाबू नका. खाण्याबद्दल मी काही सांगत नाही, ते तुम्हाला कळतं.

कोय टाकण्यापूर्वी क्षणभर हातात ठेवा. हे फळ मुळात चीनचं. कनिष्काच्या काळी चीनकडून आलेल्या ओलिसांनी ते भारतात आणलं, असं चिनी प्रवासी ह्युएनत्संगाने सातव्या शतकात लिहून ठेवलं आहे. पश्चिमेकडे ते इराणमार्गे गेलं, आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिकेत पोचलं. परमुलखातून येऊन रुजलेल्या झाडाची निगा आता परमुलखातून आलेले हात राखत आहेत.

बाकीची निगा थोडक्यात. पाणी मुळाशी साचू देऊ नका, पीचला ते अजिबात सोसत नाही. पानं वाकडी करणाऱ्या बुरशीसाठी पानगळीनंतर किंवा डोळे फुगायच्या आधी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) फवारा. मे महिन्यात पानं लाल, फुगीर, वाकडी दिसल्यावर फवारून त्या वर्षी उपयोग होत नाही. झाडावर सुकून राहिलेली फळं हिवाळ्यापूर्वी वेचून काढा, त्यांत बुरशी दडून बसते. बुंध्याशी माती थोडी उकरून बघा: भुश्शासारखी घाण मिसळलेला डिंक दिसला तर खोडकिडा आत आहे.

आणि आता दहा-बारा वर्षं पुढे या. एक जाड फांदी वाळली आहे. नव्या काड्या आखूड आहेत, डिंक ठिकठिकाणी आला आहे, फळ धरतं पण थोडं. झाडावर हात ठेवा. तुम्ही दिलेला प्रत्येक काप त्याच्या अंगावर आहे. कोणत्या वर्षी कोणती फांदी ठेवली ते तुम्हाला आठवतं. याहून जास्त ओळख एका झाडाची होत नसते. त्याला आणखी दोन-तीन वर्षं ओढायचं की काढायचं, हे तुम्ही ठरवाल, आणि ठरवताना तुमच्या मनात त्याच्यावर राग नसेल.

एवढं लक्षात ठेवा: पीच काढलं त्याच खड्ड्यात पुन्हा पीच लावू नये, त्या मातीत नवं रोप नीट वाढत नाही. म्हणून जुनं झाड अजून फळत असतानाच अंगणात दुसरी उन्हाची जागा बघून ठेवा, आणि नवं कलम तिथे लावा.