खपाचा हिशेब आणि विज्ञानकथेचा वाचक

लेखकाचा एकूण खप म्हणजे त्याच्या सर्व पुस्तकांच्या, सर्व भाषांतल्या, पहिल्या आवृत्तीपासून आजवर विकल्या गेलेल्या प्रतींची बेरीज. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणाऱ्यांच्या बाबतीत ही बेरीज विशेष हौसेने मांडली जाते, कारण तिथले काही आकडे डोळे दिपवणारे आहेत. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेच्या ६० कोटींहून अधिक प्रती खपल्याचे तिचे प्रकाशक सांगतात. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा आकडा १५ कोटींच्या घरात सांगितला जातो, तर सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेचा १० कोटींच्या पुढे. मराठीत यांच्या जोडीला ठेवता येईल असा आकडा कुणाच्याच नावावर नाही. जयंत नारळीकर, नारायण धारप, भा. रा. भागवत यांची पुस्तके दोन-तीन पिढ्यांनी वाचली, पण त्यांच्यापैकी कोण जास्त खपला, याला निःसंदिग्ध उत्तर नाही. याचे एक कारण हिशेब ठेवण्याचा आळस हे आहेच. पण मराठी पुस्तक ज्या वाटांनी वाचकापर्यंत जाते, त्या वाटांवर विक्री आणि वाचन यांची फारकत होते, हे त्याहून मोठे कारण आहे.

परदेशी आकडेही दिसतात तितके ठाम नसतात. दुकानातल्या प्रत्यक्ष विक्रीची संगणकीय मोजणी इंग्लंड-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरीस सुस्थिर झाली. त्याआधीच्या लेखकांचे आकडे म्हणजे प्रकाशकांनी केलेले दावे, आणि छापलेली प्रत व विकलेली प्रत यांतला फरक अशा दाव्यांत बहुधा पुसला जातो. टॉल्किन १९७३ मध्ये वारले. त्यांच्या खपाचा मोठा वाटा २००१ ते २००३ या काळातल्या तीन चित्रपटांनंतरचा आहे. म्हणजे लेखकाच्या हयातीतला खप आणि पुस्तकाच्या आयुष्यातला खप या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या, आणि याद्यांत त्या सर्रास एकत्र होतात. ज्यूल व्हर्नचे उदाहरण याहून अवघड आहे. युनेस्कोच्या अनुवादसूचीत सर्वाधिक अनुवादित लेखकांमध्ये अगाथा ख्रिस्तीच्या पाठोपाठ त्याचे नाव येते. पण व्हर्न १९०५ मध्ये गेला, त्याच्या साहित्यावर आज कुणाचा हक्क नाही, आणि जगभरच्या शेकडो प्रकाशकांनी छापलेल्या प्रतींची बेरीज करायला कुणी बांधीलही नाही.

मराठीत खप मोजण्याचे चलन म्हणजे आवृत्ती. पुस्तकाची दहावी आवृत्ती निघाली की ते गाजले, असे समजतात. साधारण मराठी कथा-कादंबरीची आवृत्ती कित्येक दशके हजार-अकराशे प्रतींची राहिली. लेखक लोकप्रिय असला तर दोन-तीन हजारांची निघे. अलीकडे मागणीनुसार छपाईची सोय झाल्यापासून दोन-तीनशे प्रतींचीही आवृत्ती निघू लागली. आवृत्ती किती प्रतींची, हे पुस्तकावर क्वचितच छापलेले असते. पुनर्मुद्रणाला कुणी नवी आवृत्ती म्हणतो, कुणी म्हणत नाही. त्यात प्रकाशक बदलला की नव्या घराची पहिली आवृत्ती जुन्या घराच्या सहा आवृत्त्या गिळून टाकते. त्यामुळे एकाच्या बारा आवृत्त्या आणि दुसऱ्याच्या पाच, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

जयंत नारळीकरांच्या लेखनाचा हिशेब त्यातल्या त्यात सोपा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. परीक्षकांनी कथा वाचावी, लेखकाची कीर्ती वाचू नये, हा त्यामागचा हेतू. १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला, पुढे 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' या कादंबऱ्या आल्या. पुस्तके मोजकी, पण प्रत्येक पुस्तक वर्षानुवर्षे दुकानात मिळत राहिले, शाळांच्या बक्षीस समारंभांत वाटले गेले, हिंदी-इंग्रजीसह इतर भाषांत गेले. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा विज्ञानकथा मराठी साहित्याच्या मुख्य दालनात पोचली, असे म्हटले गेले. खरे तर घरोघरच्या कपाटात ती आधीच पोचली होती. नारळीकरांचे पुस्तक मुख्यतः विकत घेतले जाई, कारण ते मुलांना देण्याजोगे मानले जाई.

नारायण धारपांचे तसे नव्हते. धारपांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांत भयकथा आहेत, समर्थ या नायकाची मालिका आहे, आणि निखळ विज्ञानकथाही आहेत. त्यांची कादंबरी सहसा विकत घेतली जात नसे. ती वाचनालयातून आणली जाई, रात्रीत संपवून दुसऱ्या दिवशी परत केली जाई. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांचा वाचकही पुष्कळसा असाच, वर्गणीवर वाचणारा. अशा लेखकाचा खप मोजणे म्हणजे वाचनालयांची संख्या मोजणे.

पुणे जिल्ह्यातल्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांकडे पाहिले की ही गोष्ट स्पष्ट होते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, मग माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे साखर कारखाने उभे राहिले. १९६२ मध्ये बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले आणि पुढच्या दशकात विद्या प्रतिष्ठान आले. शिकलेला वाचक तयार झाला, पण पुण्याच्या अप्पा बळवंत चौकासारखी पुस्तकांची पेठ तालुक्याच्या गावी उभी राहत नाही. शालेय पुस्तके आणि वह्या विकणारी दुकाने, एस. टी. स्थानकावरचा मासिकांचा स्टॉल, अधूनमधून एखाद्या सभागृहात भरणारे ग्रंथप्रदर्शन, एवढाच विक्रीचा पसारा. बाकीचा भार सार्वजनिक वाचनालयावर. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत अनुदान मिळणारी ग्रंथालये वाढत वाढत राज्यभर अकरा-बारा हजारांच्या आसपास गेली. मराठी प्रकाशकाची हजाराची आवृत्ती बव्हंशी याच ग्रंथालयांच्या खरेदीवर उभी असते.

या खरेदीचे गणित वाचकाच्या आवडीपेक्षा वेगळे चालते. अनुदानातला ठरावीक भाग पुस्तकांवर खर्च व्हावा लागतो, आणि तो बहुधा आर्थिक वर्ष संपता संपता होतो. जो विक्रेता जास्त सवलत देतो त्याची यादी पास होते. त्यामुळे कुणीही न मागितलेले पुस्तकही पाचशे ग्रंथालयांत जाऊन बसते आणि खपाच्या वहीत ते 'प्रेषित'च्या शेजारी तितक्याच मानाने उभे राहते. उलट देवघेवीच्या टेबलावरून धारपांची एखादी कादंबरी बांधणी सुटेपर्यंत फिरते, शिवून पुन्हा फिरते, शेवटची चार पाने गळाल्यावरच बाद होते. प्रकाशकाच्या लेखी ती एक प्रत. समजा, तिने दहा वर्षांत शंभर वाचक पाहिले, आणि आवृत्ती हजाराची असली, तर एक लाख वाचनांमागे हजाराचा खप दिसतो. दुकानातून घेतलेली प्रत घरातल्या तीन-चार जणांपलीकडे फारशी जात नाही. या दोन प्रतींना एकच एकक मानून केलेली तुलना मुळातच तिरकी होते. वाचनांची गणती करता आली तर धारप नारळीकरांच्या पुढे निघतील आणि विक्रीच्या गणतीत नारळीकर धारपांच्या, असा तर्क करायला पुरेशी जागा आहे.

विक्रीचा आकडा वाचकसंख्येचा साक्षीदार नव्हे, याचे एक जुने उदाहरण बारामतीचेच. कवी मोरोपंत (१७२९–१७९४) इथे राहिले, इथेच त्यांनी आर्याभारत आणि रामायणाची शंभरावर रूपे रचली. मराठीत छापखाना यायच्या आधीच ते गेले. हस्तलिखित पोथ्या आणि कीर्तनकारांची तोंडे यांवर त्यांचे काव्य महाराष्ट्रभर गेले. हयातीतला खप शून्य. आजही मोठा मराठी वाचकवर्ग असा आहे, ज्याने विज्ञानकथा वाचली ती विकत न घेताच. भालबा केळकरांची 'यंत्रांनी केलं बंड' ही कथा नववीच्या मराठी कुमारभारतीत आली आणि इंदापूरच्या शाळेपासून गडचिरोलीच्या आश्रमशाळेपर्यंत लाखो मुलांच्या हाती पोचली. कोणत्याही मराठी विज्ञानकथासंग्रहाला इतका वाचक एका वर्षात मिळालेला नाही. तरीही लेखकाच्या खपात त्यातले काहीच जमा होत नाही.

अनुवाद आणि रूपांतर यांचा प्रश्न आणखी गुंत्याचा. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' अशा नावांनी मराठीत आणल्या. मुलांनी त्या घेतल्या त्या भागवतांच्या म्हणून, फास्टर फेणेच्या जनकाच्या म्हणून. त्या प्रती व्हर्नच्या खात्यावर टाकायच्या की भागवतांच्या? आंतरराष्ट्रीय याद्या त्या व्हर्नच्या धरतील, मराठी वाचक भागवतांच्या धरेल, आणि मराठी वाचकाची बाजू लंगडी म्हणता येणार नाही. धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे. २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटामागे धारपांची 'आजी' ही कथा आहे आणि तिच्या मुळाशी पुन्हा किंगचीच एक कथा आहे. किंगच्या ३५ कोटींच्या आकड्यात यातली एकही प्रत नाही.

कुणाला या प्रकारात धरायचे, हेही ठरलेले नाही. इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात शाप, वरदान, वयाची अदलाबदल असलेली कादंबरी अद्भुतकथेच्या फळीवर जाते. त्या नियमाने वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) तिथेच ठेवावी लागेल, आणि कवचकुंडले घेऊन जन्मलेल्या नायकाची 'मृत्युंजय'ही. मग मराठीतल्या सर्वाधिक खपाच्या अद्भुत लेखकांत खांडेकर आणि शिवाजी सावंत यांना जागा द्यावी लागेल आणि धारप-नारळीकर मागे पडतील. मराठी वाचक असे कधीच करणार नाही. त्याच्या लेखी ती पौराणिक कादंबरी, तिचा मान निराळा. इंग्रजीत अमीश त्रिपाठींच्या शिवमालिकेने २०१० नंतर ही भिंत पुष्कळ पाडली, आणि तिचे मराठी अनुवाद तालुक्याच्या वाचनालयातही पोचले. उलट बाजूने १८६१ ची 'मुक्तामाला' आणि १८६८ ची 'मंजुघोषा' या आरंभीच्या मराठी कादंबऱ्या अद्भुतानेच भरलेल्या आहेत, पण आज त्यांचा वाचक म्हणजे एम. ए.चा विद्यार्थी. नाथमाधवांची 'वीरधवल' मात्र शंभर वर्षे उलटूनही छापली जाते. नाथमाधव १९२८ मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क केव्हाच संपला. कोणीही 'वीरधवल' छापू शकतो, त्यामुळे एकूण किती खपली हे कोणत्याही एका प्रकाशकाकडून कळणार नाही.

गेल्या दोन दशकांत बारामती-इंदापुरातल्या तरुण वाचकाची सवय बदलली. इंग्रजी माध्यमातला मुलगा हॅरी पॉटर इंग्रजीतून वाचतो. तो ऑनलाइन मागवतो किंवा रस्त्यावरची चोरटी प्रत घेतो, आणि चोरटी प्रत रोलिंगच्या ६० कोटींत नसते. मराठी पुस्तकांच्या पीडीएफ मोबाइलवरून फिरतात, त्याही मोजदादीबाहेर. २०१७ मध्ये स्टोरीटेल मराठीसह भारतात आले आणि कथा ऐकण्याची नवी वाट खुली झाली. तिथे महिन्याच्या वर्गणीवर पुस्तक मिळते, म्हणजे फिरत्या वाचनालयाचीच रीत कानांनी चालू राहते, आणि ऐकलेले तास प्रतींच्या बेरजेत मिळवता येत नाहीत. नवे तंत्रज्ञान शेतातही पोचले: बारामतीत अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केला. शेताचा मालक उपग्रहावरून आलेली सूचना मोबाइलवर वाचतो, पण विज्ञानकथेचा खप त्यामुळे वाढेल असे मानायला आधार नाही. कुतूहल आणि खरेदी यांचे नाते इतके सरळ असते तर प्रकाशकांचा धंदा बराच सोपा झाला असता.

तुलना करायचीच तर प्रतींपेक्षा दोन गोष्टी अधिक भरवशाच्या. पुस्तक किती वर्षे बाजारात टिकले, ही एक. ग्रंथालयांच्या देवघेव नोंदी, ही दुसरी. पहिलीत नारळीकर आणि भागवत ठळकपणे पुढे दिसतात. धारपांची पुस्तकेही मध्यंतरी दुर्मिळ होऊन साकेत प्रकाशनाकडून पुन्हा बाजारात आली. जुनी अनुपलब्ध पुस्तके परत छापावीशी वाटणे, हा प्रकाशकाने स्वतःचे पैसे घालून दिलेला कौल असतो. दुसरी गोष्ट कागदी रजिस्टरांत पडून आहे. ग्रंथालये संगणकावर जाताना दाखल नोंदवही टंकित होते, देवघेवीच्या जुन्या वह्या मात्र रद्दीत जातात. त्यांत धारपांच्या वाचकांची एकमेव मोजदाद असते.

या लेखकांचे खाते अजून बंदही झालेले नाही. भारतीय कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क चालतो. भागवत २००१ मध्ये गेले, धारप २००८ मध्ये, नारळीकर २० मे २०२५ रोजी. त्यामुळे भागवतांच्या पुस्तकांवरचा हक्क २०६१ अखेर, धारपांच्या २०६८ अखेर आणि नारळीकरांच्या २०८५ अखेर संपेल. व्हर्न स्वतः मोकळा असला तरी भागवतांचा मराठी व्हर्न तोवर बांधलेलाच राहील.