दोषाचे अधिष्ठान

एखादे कार्य बिघडले असता त्या बिघाडाचा दोष नेमका कोठे वास करतो, हा प्रश्न वरकरणी कारागिराचा वाटला तरी मुळात तो तत्त्वचिंतकाचा आहे. कारण दोषाला राहण्यासाठी एखादे घर शोधून द्यावे आणि त्या घराच्या धन्याला जबाबदार धरून मोकळे व्हावे, ही आपल्या बुद्धीची जुनी खोड असून, ती कितपत रास्त आहे याची शहानिशा केल्यावाचून आपले पुष्कळसे निवाडे पायाविनाच उभे राहतात.

या प्रश्नाचा विचार करण्यास चाकणइतके सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल. ज्या संग्रामदुर्गात 1660 साली फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्तेखानाच्या अफाट फौजेला जवळजवळ दोन महिने थोपवून धरले, आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यानंतरच जो शत्रूच्या हाती गेला, त्या किल्ल्याचे आणि कांद्याच्या बाजाराचे हे गाव आज बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज यांच्या कारखान्यांचा शेजार करून आहे. सुरुंगाच्या बाबतीत कारण आणि कार्य यांचे नाते सांगण्यास पंडिताची गरज नव्हती. वाहनांच्या कारखान्यांतील बिघाड तितके बोलके नसतात, आणि म्हणूनच टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी रूढ केलेली, ‘का’ हा प्रश्न लागोपाठ पाच वेळा विचारण्याची रीत या उद्योगाने अंगी बाणवली; सुटा भाग सदोष निघाला तर मूळ कारणाचा अहवाल दाखल झाल्याशिवाय ते प्रकरण मिटले असे मानण्याचा तेथे प्रघात नाही. परंतु शिफ्ट संपवून घरी परतलेला तोच कर्मचारी घरातल्या बिघाडापुढे ही सारी शिस्त गुंडाळून ठेवतो, ही नवलाची गोष्ट होय.

तळेगाव रस्त्यावरील एखाद्या सोसायटीतले असे एक बिऱ्हाड कल्पनेत आणावे. पती कारखान्याच्या नियोजन खात्यात, पत्नी दुसऱ्या कंपनीचे हिशेब पाहणारी. 2020 च्या टाळेबंदीपासून कार्यालयाचे थोडेबहुत दप्तर घरी आलेले. इंटरनेटची जोडणी एक, राउटर एक, लॅपटॉप दोन, फोन दोन. कार्यालयाच्या बंदिस्त जाळ्यात शिरण्यासाठी उभयतांनी व्हीपीएन सुरू करावे, पडद्यावर ‘जोडणी झाली’ अशी ग्वाही उमटावी, आणि फाइल मात्र काही केल्या उघडू नये. मग पत्नीने म्हणावे, ‘अहो, तो राउटर एकदा बंद करून चालू करा ना’; पतीने कंपनीच्या व्यवस्थेवर ठपका ठेवावा; कंपनीच्या मदतकक्षाने आमच्या बाजूने सर्व ठीक आहे असे कळवावे, आणि जोडणी देणाऱ्याने वेगाचे आकडे दाखवून हात झटकावेत. चारही पक्षांच्या जबान्या आपापल्या जागी खऱ्या असतात. तरीही काम अडलेलेच असते.

येथे पहिला विचार त्या पडद्यावरील ग्वाहीचा. ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते, बाधक ज्ञान समोर येईपर्यंत त्याजवर विश्वास ठेवावा, असे मीमांसकांचे मत. तर ज्ञान खरे की खोटे हे त्यानुसार केलेल्या कृतीच्या साफल्यावरून, म्हणजे बाहेरून, ठरते असे नैयायिकांचे. व्हीपीएनच्या बाबतीत मीमांसकाच्या मार्गाने जाणारा हमखास फसतो. कारण ती ग्वाही खोटी नसली तरी फार थोड्या गोष्टीविषयी असते. दोन टोकांच्या यंत्रांनी एकमेकांची ओळख पटवून घेतली, एवढेच ती सांगते. पुढचा माल सुखरूप पोहोचेल असे वचन तिने दिलेलेच नसते. इथरनेटच्या जाळ्यात एका पॅकेटची कमाल मर्यादा बहुधा 1500 बाइट असते, आणि व्हीपीएन प्रत्येक पॅकेटावर आपले आणखी एक वेष्टन चढवीत असल्यामुळे मूळ पॅकेट भरगच्च असेल तर ते या मर्यादेबाहेर जाते. ‘हे मोठे झाले, लहान करून पाठवा’ हा निरोपही वाटेत कोणी अडवला, तर मोठी पॅकेटे निमूटपणे नाहीशी होतात. ओळखीचे निरोप आकाराने लहान असल्याने ते पोहोचतात, फाइलचे मोठे गठ्ठे मात्र पोहोचत नाहीत, आणि मनुष्य त्या ग्वाहीवर विसंबून भलत्याच ठिकाणी तपास करीत बसतो.

कारण ओळखण्याची कसोटी आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वीच घालून दिली आहे. अमुक असता कार्य घडते हा अन्वय, आणि अमुक नसता ते घडत नाही हा व्यतिरेक. दोन्हींची रुजुवात झाल्यावाचून कशालाही कारण म्हणू नये. जॉन स्टुअर्ट मिलने 1843 च्या आपल्या तर्कग्रंथात हीच दृष्टी निराळ्या परिभाषेत मांडली. विश्वनाथ पंचाननाने तर ‘भाषापरिच्छेदा’त अन्यथासिद्धांची, म्हणजे कार्याच्या आधी हजर असूनही कारण नसणाऱ्या गोष्टींची, यादी देताना कुंभारासाठी माती वाहून आणणाऱ्या गाढवाचा निर्देश केला आहे: घटाच्या पूर्वी ते दाराशी उभे होते खरे, पण त्याच्यावाचून घट अडत नाही. पॅकेटाची मर्यादा 1300 वर आणताच फाइल उघडली, पूर्ववत करताच पुन्हा अडली, आणि पुन्हा उतरवताच उघडली, तर अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही हाती आले. पण राउटर, केबल आणि सेटिंग या तिन्ही गोष्टी एकाच दमात बदलून ज्याने यश मिळवले, त्याला यातील गाढव कोणते हे कधीच कळणार नाही.

याहून सूक्ष्म प्रकरण पुढेच आहे. पत्नीला कार्यालयाकडून एका लॅपटॉपपुरता मिळालेला परवाना, म्हणजे ती गुप्त किल्ली, तिने सोयीसाठी आपल्या फोनवरही उतरवून ठेवली आहे असे समजा. वायरगार्डसारख्या पद्धतीत पलीकडचे यंत्र किल्लीवरूनच इसम ओळखते, आणि त्या किल्लीने शेवटचा अस्सल निरोप ज्या पत्त्यावरून व ज्या दारातून आला, तिकडेच सर्व उत्तरे धाडते. फोन बोलला की लॅपटॉपची उत्तरे फोनकडे वळतात. लॅपटॉप बोलला की फोन अडतो. आता पंचनामा करावा तर लॅपटॉप निर्दोष, फोन निर्दोष, किल्ली अस्सल, पलीकडचे यंत्र आपल्या नियमाशी इमानी; प्रत्येकाला एकेकटे तपासावे तर प्रत्येक उत्तीर्ण. मग दोष राहतो कोठे? वैशेषिकांनी संयोग हा गुण एका द्रव्यात न राहता दोघांत मिळून राहतो असे मानले आहे, आणि येथे दोषाचेही तसेच आहे. त्याचा आश्रय कोणतीही एक वस्तू नसून दोहोंमधील संबंध आहे, आणि म्हणूनच एकेक वस्तू सुटी करून तपासणाऱ्या अधिकाऱ्याला तो कधीच सापडत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नानाविध चेष्टा आणि दैव, आणि एकट्या कर्त्याकडेच बोट दाखवणाऱ्याची दृष्टी अपुरी ठरवली आहे. चाकणपासून जवळच असलेल्या आळंदीत 1296 साली समाधिस्थ झालेल्या ज्ञानेश्वरांनी या अध्यायावर मराठीत विस्ताराने विवरण केले, आणि तेव्हापासून हा विचार आपल्या घरोघरी पोचलेला आहे. तरीही व्यवहारात आपण दोनच कारणे मानतो. आधी कोणीतरी कर्ता धरून त्याला अपराधी करतो, आणि तो सापडला नाही तर ‘आपले नशीबच तसे’ म्हणून दैवाच्या पदरी सारे घालतो. गीतेने दैवाला स्थान दिले आहे ते पाचवे. पहिल्या चारांची खातरजमा करण्यापूर्वी त्याचे नाव घेणे हा आळस होय, त्याला भक्ती म्हणता येत नाही.

यावर व्यवहारी मनुष्याची हरकत अशी की, राउटर बंद करून चालू केला, काम सुरू झाले, फळ मिळाले. मग कारणाची उठाठेव कशासाठी? ही हरकत हसण्यावारी नेण्याजोगी नाही, कारण त्या उपायाला निव्वळ तोडगा म्हणता येत नाही. वीज जाताच राउटरमधील जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि सर्व यंत्रांना नव्याने संवाद मांडावा लागतो. त्यामुळे पुष्कळ वेळा अडलेले काम खरोखरच मार्गी लागते. परंतु वरील किल्लीच्या प्रकरणात त्याच उपायाने आलेले यश फोन गप्प असेपर्यंतच टिकते, आणि फोन पुन्हा बोलू लागताच राउटरला वृथा दूषण लागते. साफल्यावरून प्रामाण्य ठरते हे नैयायिकांचे म्हणणे मान्य करूनही एवढे म्हणणे भाग आहे की, उपायाच्या साफल्याने उपाय लागू पडला हे सिद्ध होते, कारण कळले हे सिद्ध होत नाही. आणि ज्याला कारण कळले नाही, त्याला कोणावरही दोषारोप करण्याचा अधिकार पोचत नाही.

घरात, कारखान्यात किंवा गावकीत, जेथे चार प्रामाणिक माणसे एकत्र येऊनही काम बिघडते, तेथे अपराधी शोधण्याची घाई न करता त्यांच्यातील संबंध तपासावेत, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदलाची नोंद ठेवावी, आणि व्यतिरेक हाती येईपर्यंत कोणाचेही नाव घेऊ नये. वाचकांनी निदान आपल्या घरापुरता तरी हा नियम पाळून पाहावा.