दैव पाचवे

शिरेत घातलेली सुई निसटते, सलाईन शिरेबाहेर मांसात उतरते, हात सुजतो, आणि मग नातेवाईक दोनच गोष्टी बोलतात. एक तर 'सिस्टरने नीट लावली नाही', नाही तर 'भोग आहेत, दुसरं काय'. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात गगनबावड्यापासून चंदगडपर्यंतचे रुग्ण येतात, कोकणातले आणि सीमाभागातलेही येतात. पण ही दोन वाक्ये काही कोल्हापूरची मिरास नाहीत. सिस्टर जिला व्हेनफ्लॉन म्हणतात ती प्लॅस्टिकची बारीक नळी उपचार संपण्याआधीच निकामी होण्याचे प्रमाण जगभरच्या अभ्यासांत साधारण ३५ ते ५० टक्के आढळले आहे. कधी ती सुटते, कधी तुंबते, कधी शीर सुजते. ज्या वस्तूच्या बाबतीत हे इतक्या वेळा घडते, तिथे प्रत्येक वेळी एका परिचारिकेचा हात किंवा एका रुग्णाचे प्रारब्ध दोषी धरणे मला बुद्धीला आणि धर्मालाही सोडून वाटते. दोन्ही वाक्यांत त्या वस्तूचे नावच येत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, विविध क्रिया आणि पाचवे दैव. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. करण, म्हणजे साधन, तिसरे आहे आणि दैव शेवटी आहे. पहिली चार तपासल्यावाचून पाचव्याकडे बोट दाखवणारा माणूस श्रद्धाळू ठरत नाही, तो तपास टाळतो. पुढे लगेच असेही म्हटले आहे की केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची दृष्टी अपुरी आहे. यावर कुणी म्हणेल की गीतेवर भाष्य करणाऱ्या आचार्यांनी हे सारे आत्म्याचे अकर्तेपण दाखवण्यासाठी लावले, वॉर्डातल्या चिकटपट्टीसाठी नव्हे. ते खरे आहे. पण ती पाच कारणे व्यवहारात घडणाऱ्या कर्माचीच आहेत. व्यवहारात लागू पडत नसती तर त्यांवरून पुढचा सिद्धान्तही उभा राहिला नसता.

आता साधन पाहा. साध्या सलाईन सेटमध्ये वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. ५०० मिलिलिटरची बाटली आठ तासांत जायची तर मिनिटाला सुमारे २१ थेंब पडायला हवेत, आणि ते ठरते प्लॅस्टिकच्या एका छोट्या चाकावर. रुग्णाने कूस बदलली, हात खाली घेतला, कुणी स्टँड सरकवला की वेग बदलतो. रात्रपाळीला अनेक खाटा सांभाळणाऱ्या सिस्टरने प्रत्येक बाटलीचे थेंब सतत मोजत राहावेत, ही अपेक्षा सद्गुणाची नाही, अशक्याची आहे. याच्या शेजारी लहान मुलांसाठी वापरतात तो ब्युरेट सेट ठेवा. बाटली आणि मूल यांच्या मध्ये खुणा केलेली एक नळकांडी असते. सिस्टर तिच्यात हवे तेवढेच औषध भरते आणि वरचा चिमटा बंद करते. खालचे चाक चुकून पूर्ण उघडले, तरी नळकांडीत आहे त्याहून जास्त थेंबभरही बाळाच्या शरीरात जात नाही. ज्याने हे बनवले त्याने माणूस चुकणार हे आधीच मान्य केले आणि त्या चुकीची शिक्षा बाळाला होणार नाही अशी तजवीज केली. मी याला क्षमा म्हणतो. ती अपराध घडल्यावर दिलेली नाही, अपघाताआधीच वस्तूत घालून ठेवलेली आहे. आणि बनवणारा त्या बाळाला कधीच पाहत नाही. निष्काम कर्माचे याहून स्वच्छ उदाहरण मला दिसत नाही.

सर्वांत जड आक्षेप पुराव्याचाच आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १,८०० हून अधिक रुग्णांवर सुई घट्ट बसवण्याच्या चार पद्धती ताडून पाहिल्या गेल्या. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. चारही पद्धतींत सुया निकामी होण्याचे प्रमाण ३८ ते ४३ टक्क्यांच्या दरम्यान राहिले, म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मग साधन सुधारून काय मिळाले? मला वाटते, एक मोठी गोष्ट मिळाली. नुसते अधिक घट्ट चिकटवणे हे उत्तर नाही, हे कळले. घट्टपणाचे स्वतःचे धोकेही असतात. तान्ह्याचा हात पुठ्ठ्यावर करकचून बांधला आणि बोटे पट्टीखाली झाकली, तर रक्तपुरवठा थांबलेला कुणाला दिसतच नाही. म्हणून सुईची जागा उघडी दिसणारी पारदर्शक पट्टी, सांध्यावर न लावता कोपराखाली सपाट जागी लावलेली सुई, सलाईनची नळी ओढली गेली तर ताण सुईवर येऊ नये म्हणून सोडलेला वळसा, आणि गरज संपताच सुई काढणे, यांना एकत्रच पाहावे लागते. चांगल्या हेतूने बनवलेली वस्तू कसोटीला लावणे हाही कर्तव्याचाच भाग आहे. हेतू शुद्ध असला म्हणून शीर सुजायची थांबत नाही.

साधनाकडे बोट दाखवले की कर्ता सुटतो, असेही म्हणतात. पाचांच्या यादीतून कर्त्याला कुणी वगळलेले नाही. हात न धुणारा दोषी आहेच. राहिला खर्च. वर सांगितलेल्यांपैकी बऱ्याच गोष्टींना पैसे लागतच नाहीत. जिथे लागतात तिथे 'गरिबाला एवढे पुरे' हे उत्तर, जन्मावरून माणसाचा वाटा ठरवणाऱ्या जुन्या विचाराचेच नवे रूप आहे. ज्या शहरात १९०२ साली शाहू महाराजांनी त्या विचाराविरुद्ध मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखण्याचा हुकूम काढला, तिथे तरी ते चालू नये.

शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी आणि इथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी अशा साधनाचे चित्र काढण्याआधी परवानगी घेऊन वॉर्डातली एक रात्रपाळी पाहावी आणि सिस्टरना विचारावे. वैद्यकीय उपकरणांतले दोष नोंदवण्यासाठी २०१५ पासून देशात मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू आहे. त्याचे काम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालते. सुटलेली पट्टी आणि न अडणारे चाक कचऱ्यात टाकण्याआधी त्यांची नोंद तिथे पाठवा.