हलगी, ट्रम्पेट आणि आपण

हलगी फेकून द्या, असं आपल्यातली काही पोरं म्हणतात. त्यांचं खोटं नाही. दुसऱ्याच्या मयतीपुढं वाजवायचं अन् पाटलाच्या दारात शिळं पदरात घ्यायचं, हा तिचा इतिहास. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी शिळ्या तुकड्यांवर जगणं सोडायला सांगितलं. सोडलंच पाहिजे. पण सोडायची ती वेठ की वाद्य?

अमेरिकेतल्या काळ्यांकडं बघा. १७३९ ला दक्षिण कॅरोलिनात गुलाम ढोल वाजवत उठले. पुढच्याच वर्षी कायदा झाला, गुलामानं ढोल वाजवायचा नाही. मालकाला कळत होतं, कातड्यातून निरोप जातो. तिकडं न्यू ऑर्लिन्सच्या काँगो स्क्वेअरात मात्र गुलाम रविवारी ढोल वाजवत नाचत. त्याच गावात पुढं जाझ जन्मलं, आणि रॉकपासून पॉपपर्यंत सगळ्यांनी त्याचं दूध प्यालं. पण १९१७ साली जाझची पहिली रेकॉर्ड निघाली ती पाच गोऱ्यांच्या बॅण्डची! ढोल हिसकावून भागलं नाही, मग नावच हिसकावलं.

मुंबईत काय झालं? १९५१ च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या गाण्यांना जो झटका आहे, त्यात चिक चॉकलेट नावाच्या गोव्याच्या ट्रम्पेटवाल्याचा दम आहे. आर्मस्ट्राँगचा हा भक्त. भगवानदादांचा नाच सगळ्यांना पाठ, याचं नाव किती जणांना? अशा कितीक गोवेकर वादकांनी सिनेमाची गाणी सजवली आणि पडद्यावर नाव आलं संगीतकाराचं. त्याच सिनेमाच्या चालींवर आपल्या पोरांनी भीमगीतं बांधली. म्हणजे गुलामांचा ठेका फिरत फिरत आपल्याच वस्तीच्या कर्ण्यातून वाजतोय, अन् आपल्याला पत्ता नाही.

आता ठेका मशीनमधून निघतो. डीजेला जात नाही म्हणून तो बरा, असं एक कार्यकर्ता म्हणाला. (रोलिंग मिलमध्ये पाळी भरून आलेल्याच्या कानाला विचार म्हणावं.) जात नाही, कबूल. पण डीजेच्या भिंतीमागं ज्याचं पोट मारलं गेलं, त्या हलगीवाल्याला जात आहे.

वेठ कातड्यात नसते. हुकूम दुसऱ्याचा आणि दाम त्याच्या मर्जीचं, तिथं वेठ असते. मग १४ एप्रिलला मातंग वस्तीतला हलगीवाला बोलावून आपण काय करतो? उन्हात पुढं चालवतो, शेवटी हातावर काहीबाही टेकवतो. स्टेजवर त्याला खुर्ची नसते. पाटील हेच करायचा, झेंडा तेवढा निळा नव्हता.

यंदा पत्रिकेवर वक्त्यांच्या ओळीत त्याचं नाव छापा. बिदागी आधी ठरवा, त्याच्याशी बसून. आणि तो म्हणाला, माझ्या पोराला हलगी शिकवायची नाही, तर त्याला काळ्यांच्या संगीताचं भाषण ऐकवू नका.