पायांतील वहाण आणि डोक्यावरील टोपी

(वाचनाचा भाग : लूक ७:३६–५०)



शिमोन परूश्याच्या घरीं आपला प्रभु जेवावयास गेला असतां जें घडलें, तें आपणां सर्वांस ठाऊक आहे. यजमानानें पाय धुण्यास पाणी दिलें नाहीं, चुंबन घेऊन स्वागत केलें नाहीं, मस्तकास तेल लाविलें नाहीं. गांवांत जिची निंदा होत असे अशा एका स्त्रीनें मात्र आपल्या आसवांनीं प्रभूचे पाय भिजविले, त्यांचीं चुंबनें घेतलीं आणि त्यांस सुगंधी तेल लाविलें. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. प्रभूनें त्या देशाचा शिष्टाचार क्षुल्लक मानिला नाहीं. पाणी न दिल्याचें त्यानें शिमोनास बोलून दाखविलें. परंतु तो पाण्यापाशींच थांबला नाहीं. त्या पाण्यामागें प्रीति आहे कीं नाहीं, हें त्यानें पाहिलें.

यावरून आम्ही असें म्हणतों कीं, शिष्टाचार ही मनाची भाषा होय. देश बदलला म्हणजे भाषा बदलते. परंतु तिनें काय बोलावें, हें सर्व देशांस एकच लागू आहे.

अमेरिकेहून पहिले मिशनरी सन १८१३ मध्यें मुंबईस आले आणि सन १८३१ मध्यें अहमदनगर येथें त्यांचें काम सुरू झालें. तेव्हांपासून आपल्या मंडळ्यांचा त्या दूरच्या लोकांशीं संबंध आहे. आतां तर आपल्याकडील तरुण शिक्षणाकरितां व नोकरीकरितां तिकडे जातात. म्हणून त्यांच्या व आपल्या कांहीं रीती शेजारीं ठेवून पाहूं.

तिकडील पुरुष देवालयांत शिरतांना डोक्यावरील टोपी काढितो, पायांतील जोडा तसाच राहतो. आपल्याकडे वहाणा दाराशीं राहतात. आणि वडील माणसांपुढें बोडक्या डोक्यानें जाणें हें जुने लोक असभ्य मानीत. यांत खरा मान कोणाचा? पवित्र शास्त्रांत दोन्ही आहेत. जळत्या झुडपापुढें मोशेस पायांतील जोडे काढावयास सांगितलें (निर्गम ३:५), आणि पौलानें करिंथ येथील पुरुषांस प्रार्थनेच्या वेळीं मस्तक उघडें ठेवावयास सांगितलें (१ करिंथ ११:४).

तिकडे कोणाच्या घरीं जावयाचें तर आधीं कळवावें, ठरल्या वेळीं जावें, दार वाजवावें. आपल्याकडे अतिथि या शब्दाचा अर्थच ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो, असा सांगतात. तिकडे दुसऱ्याचा पगार विचारणें उद्धटपणाचें. आपल्याकडे म्हातारी माणसें वाटेंत भेटलेल्या परक्यासही गांव, लेंकरें व कमाई यांविषयीं मायेनें विचारितात. तिकडे आईनें पाण्याचा पेला दिला तरी मूल आभार मानितें. आपल्या घरांत आईचे आभार मानिले तर तीच म्हणेल, "मी काय परकी आहें?" परंतु शेजारणीचें भांडें परत करितांना आपण तें रिकामें पाठवीत नाहीं, तेंच आपलें आभार मानणें. तिकडील यजमान "आणखी वाढूं काय?" असें विचारितो, आणि आपण "नको" म्हटलें कीं तें खरें मानितो, म्हणून आपला माणूस तिकडे अर्धपोटीं उठतो. इकडे आलेला त्यांचा माणूस तीनदां "नको" म्हणूनही आग्रहाच्या भाकरीखालीं दबून जातो! दोन्ही घरीं प्रीति आहे; फक्त ती ओळखितां आली पाहिजे.

यांपैकीं कोणत्याही रीतीनें कोणी तरत नाहीं व कोणी बुडत नाहीं. देवाचें राज्य खाण्यापिण्यांत नाहीं, असें पौल रोमकरांस लिहितो (रोम १४:१७). काट्याचमच्यानें जेवणारा अधिक ख्रिस्ती आणि हातानें कालवून जेवणारा कमी ख्रिस्ती, असें कोणी समजूं नये.

डॉक्टर आनंदीबाई जोशी सन १८८३ मध्यें अमेरिकेस गेल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. तरी ख्रिस्ती कुटुंबानें त्यांस आपल्या घरीं ठेविलें, आणि साडी व शाकाहार न सोडितां त्या सन १८८६ मध्यें वैद्यकीची परीक्षा उतरल्या. तो पदवीदानाचा समारंभ पाहण्यास पंडिता रमाबाई तेथें गेल्या. रमाबाईंनीं सन १८८३ मध्यें बाप्तिस्मा घेतला होता, तरी शाकाहार व साधें देशी लुगडें त्यांनीं सोडिलें नाहीं. अमेरिकेच्या लोकस्थितीवर त्यांनीं सन १८८९ मध्यें मराठींत पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत तेथील स्त्रियांच्या शिक्षणाची व मंडळांची त्यांनीं मनापासून वाखाणणी केली. पण कंबर आवळून घेण्याच्या व टोप्यांवर मेलेले पक्षी लावण्याच्या चालीस दोषही दिला. चांगलें तें घेतलें, वाईट तें साहेबाचें म्हणून वाखाणिलें नाहीं. असा विवेक आपणांस पाहिजे.

परंतु बंधूंनो, येथेंच थांबलों तर अर्धेंच सांगितल्यासारखें होईल. कांहीं रीतींच्या पोटीं प्रीति नसते, तिरस्कार असतो. आपल्या पुष्कळांच्या आजापणजांस मोठ्या वाड्यापुढून जातांना वहाणा हातांत घ्याव्या लागत. त्यांच्या ओंजळींत पाणी वरून ओतीत. चहाची कपबशी वेगळी असे. यासही लोक रीतच म्हणत! देवालयाच्या दाराशीं जी वहाण आपण आनंदानें काढितों, तीच त्या वाड्यापुढें भीतीनें काढावी लागे. वहाण एकच, पण एके ठिकाणीं ती देवाचा मान बोले, दुसरीकडे माणसाचा अपमान. महाड येथें २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर आंबेडकर व सहस्रावधि लोक चवदार तळ्याचें पाणी प्याले, तें या अपमानास उत्तर होतें. २६ जानेवारी १९५० पासून भारताच्या संविधानाच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नाहींशी केली आहे.

अमेरिकेंतही असेंच होतें. जेथून शुभवर्तमान आपल्याकडे आलें, त्याच देशाच्या दक्षिण भागांत काळ्या लोकांस गाडींत मागें बसावें लागे व गोऱ्यांस जागा द्यावी लागे. १ डिसेंबर १९५५ रोजीं माँटगोमेरी शहरांत रोझा पार्क्स या बाईनें जागेवरून उठण्यास नकार दिला. त्या चळवळीचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग हे स्वतः पाळक होते. ते सन १९५९ मध्यें भारतांत आले असतां केरळांत एका शाळेच्या मुख्याध्यापकानें मुलांस त्यांची ओळख अमेरिकेंतील एक अस्पृश्य अशी करून दिली. प्रथम त्यांस धक्का बसला. मग विचार करितां तें खरें आहे असें त्यांनीं मानिलें. ही हकीकत त्यांनींच पुढें सन १९६५ मध्यें आपल्या मंडळीस उपदेशांत सांगितली. पहा, दोन देशांच्या टोप्या व जोडे किती निराळे, परंतु पाप मात्र सख्ख्या भावांसारखें!

आतां आपल्या घराकडे वळूं. सर्वांचें जेवण झाल्यावर उरलेली भाकर घरच्या लक्ष्मीच्या वांट्यास येते, ही रीत कोणती भाषा बोलते? प्रभुभोजनाच्या मेजाशीं आपण एक भाकर मोडितों, आणि सोयरिकीचा विषय निघतांच "ते पूर्वीचे अमुक वाड्यांतले" असें कुजबुजतों. ही कोणती भाषा? सोन्याची अंगठी घातलेल्यास पुढें व फाटक्या वस्त्राच्यास मागें बसविण्याविषयीं याकोबानें जें लिहिलें आहे (याकोब २:१–४), तें आज आपल्या सतरंजीसही लागू आहे. ज्यांनीं ओंजळींत वरून ओतलेलें पाणी प्यालें, त्यांच्या नातवांनीं दुसऱ्यास दूर बसवावें काय?

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. नवीन कुटुंब मंडळींत आलें म्हणजे त्यांचा पोशाख, जेवण व बोलणें बदलण्याची घाई करूं नका. ज्या रीतींत मान व माया आहे ती राहूं द्या, मग ती गांवची असो वा परदेशची. ज्या रीतीनें कोणाचें मस्तक लाजेनें खालीं जातें ती आधीं स्वतःच्या घरांतून काढा. बाजेवर आपल्या शेजारीं त्यांस बसवा, एकाच तांब्यानें पाणी द्या.

येत्या रविवारीं देवालयाच्या दाराशीं वहाणा काढितांना प्रत्येकानें मनास विचारावें : आज माझ्या घरीं प्रभु आला, तर पाय धुण्यास पाणी मिळेल काय? आणि तो गांवांतील सर्वांत हलक्या समजलेल्या माणसाच्या रूपानें आला, तरीही मिळेल काय?

शांतीचा देव आपणां सर्वांस अशी प्रीति देवो. आमेन.