पाठीवरची शिदोरी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंती जवळ आली की मला शूलपाणीच्या झाडीतली ती चढण आठवते, आणि तिच्याबरोबर एक प्रश्नही. आपल्या माणसाची काळजी वाहणे ही सेवा कुठपर्यंत, आणि ममता कुठून?

तीन वर्षांपूर्वी माझे थोरले भाऊ आणि वहिनी कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वराहून पायी नर्मदा परिक्रमेला निघाले. अमरकंटकापासून भडोचजवळच्या सागरापर्यंत मैया १३१२ किलोमीटर वाहते. दोन्ही तट चालायचे म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त. दादांचे वय अडुसष्ट, रक्तदाबाची गोळी रोजची. पण आमच्या घराण्यात टेंबे स्वामींची भक्ती. १९१४ साली गरुडेश्वरी, नर्मदातीरी महाराज समाधिस्थ झाले. त्या जागी पायी जाऊन डोके टेकायचे, हा दादांचा ध्यास.

मार्गशीर्ष लागला आणि एका गावकऱ्याच्या फोनवरून वहिनींचा आवाज आला. गोळ्या भिजून वाया गेल्या होत्या, तीन दिवसांच्या उरल्या होत्या. "काळजी करू नका भाऊजी, धडगावले कोणी जाईन त्याच्याजवळ सांगतो," असे त्या म्हणाल्या. पण मला धीर कुठला! आमच्या हिने रातोरात तिळाचे लाडू, जवसाची चटणी, दशम्या, सुकामेवा बांधला. पुतण्याला घेऊन मी अकोल्याहून गाडीने नंदुरबार गाठले. तिथून शहाद्यावरून धडगाव, पुढे जीप, आणि जीप थांबली तिथून पायी. सरदार सरोवराच्या पाण्याखाली काठावरची जुनी वाट गेली, म्हणून परिक्रमावासी आता डोंगरातून जातात. बारा किलोंचे ओझे आम्ही दोघे आलटून पालटून घेत होतो. बासष्टाव्या वर्षी गुडघे काय बोलतात ते तिथे कळले.

दुपारी एका झोपडीपाशी टेकलो. आतून बाई आली, "नर्मदे हर" म्हणाली आणि काही न विचारता मक्याची भाकर, मिरचीचा ठेचा पुढे ठेवला. आम्ही परिक्रमावासी नव्हतो, हे तिला आमच्या बुटांवरूनही दिसत असेल. तिची दोन पोरे दारात उभी राहून आमच्या पिशवीकडे बघत होती. मी पन्नासाची नोट काढली, तिने हात मागे घेतला. आम्ही पाणी प्यालो, पिशवी उचलली आणि निघालो. पिशवीची गाठ सोडावी असे मला सुचलेसुद्धा नाही. ते दादांसाठी होते ना!

संध्याकाळी एका आश्रमाच्या ओट्यावर दादा भेटले. पायांना भेगा, दाढी वाढलेली, चेहरा मात्र प्रसन्न. गोळ्या त्यांनी कपाळाला लावून घेतल्या. पिशवी बघून म्हणाले, "काहून आणलं रे बाप्पा एवढं? झोळी भरली का माणूस कोनाच्या दारात उभा राहत नाही. मंग मैया कशी भेटन?"

मला राग आला. "गोळ्या चालतात अन् घरचा लाडू चालत नाही, हा कुठला न्याय, दादा? आम्ही काय परके आहोत?"

दादा गप्प बसले. वहिनींनी गाठ सोडली. एक लाडू मोडून दोघांनी खाल्ला, एक डबा बाजूला ठेवला, बाकी सगळे आश्रमाच्या कोठीत सदावर्ताला दिले. मग मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, गोळी यांची गरज होती. लाडू तुमची."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आपल्या कारंज्याची गोष्ट आठवली. मुंजीत नरहरीला पहिली भिक्षा घातली ती अंबामातेने. पुढे तोच मुलगा तीर्थाटनाला निघाला, तेव्हा त्याचा घास तिला जगाच्या हाती सोपवावा लागला. तिला ते सोपे गेले असेल का? भागवताच्या एकादश स्कंधातला अवधूतही आठवला. त्याच्या चोवीस गुरूंत थोडे थोडे गोळा करणारी मधमाशी आहे, तसा पिलांच्या मायेने जाळ्यात पडणारा कपोतही आहे. मी त्या रात्री कपोताच्याच जातीचा होतो.

तरी एक सांगतो. गोळ्या नेल्या यात चूक झाली असे मला आजही वाटत नाही. व्रताच्या नावाखाली देह धोक्यात घालावा, असे कोणी म्हणू नये. दादांनीही म्हटले नाही. आपण संसारी माणसे, माया सुटत नाही. पण दादांच्या काळजीने डोंगर चढणारा मी, वाटेतल्या दोन पोरांच्या डोळ्यांवरून चालत गेलो. दादांना रोज ज्या हातांनी भाकर मिळत होती, ते हात त्याच बाईसारख्यांचे. जिने कोण, कुठले न विचारता दिले, तिच्यासमोर मी मोजून-बांधून बसलो होतो. भूल झाली ती लाडू नेण्यात नव्हे, गाठ बांधून ठेवण्यात.

सकाळी निघताना वहिनींनी तो बाजूला ठेवलेला डबा माझ्या हाती दिला. "जिथं जेवले, तिथं द्या." झोपडीपाशी आलो तर अंगणात एक म्हातारे परिक्रमावासी बसले होते. बाईने डबा उघडला. पहिला लाडू तिने त्यांच्या हातावर ठेवला, मग पोरांना दिला. स्वतःला घेतला की नाही ते मी पाहिले नाही. मान वर करायचे धाडस झाले नाही.

दादा-वहिनी पुढे गरुडेश्वरी पोचले, परिक्रमा पुरी करून सुखरूप घरी आले. आता दरवर्षी कार्तिकात आमच्या घरून तूरडाळीची एक गोणी मैयाकाठच्या सदावर्ताला जाते. त्यावर कुणाचे नाव घालत नाही. ती कोणाच्या मुखी जाते, हे विचारायचे अजून मनात येते. तेवढी ममता शिल्लक आहे. दत्तमहाराज तीही हळूहळू सोडवतील.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त।